बाटली, पिशवी आणि अशोकाची साल

आपल्या बायकांचं एक आहे. ताप आला तर घरभर कळतं, दाढ दुखली तर शेजारपाजारी कळतं. पण अंगावरून जास्त गेलं, पांढरं जायला लागलं, ओटीपोटात कळ आली, की ते कुणालाच कळत नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, कधी कधी आईलासुद्धा नाही. मग त्या दुखण्यावर औषध आणायचं तेही असंच, गुपचूप. औषधाच्या दुकानात जायचं, दुकानदार पुरुष असला तर नजर खाली घालून म्हणायचं, "ती अशोकाची बाटली द्या." आणि कागदात गुंडाळलेली बाटली पिशवीत तळाला ठेवून घरी यायचं.

सेलूत आणि आसपासच्या खेड्यांत मी बचत गटांच्या बैठकांना जाते. हिशेबाची वही मिटली की बायकांच्या खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यात ठरलेली दोन वाक्यं मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. एक म्हणते, "ताई, दोन बाटल्या संपल्या, काही फरक नाही." मी विचारते, "मग?" "मग काय, तिसरी आणली." शेजारीच बसलेली दुसरी म्हणते, "मी तर पिशवीच काढून टाकली बाई. कटकटच मिटली." ही दुसरी जेमतेम पस्तिशीची असते.

एकीकडे बाटली, दुसरीकडे ऑपरेशन. मध्ये काहीच नाही. मैत्रिणींनो, आज मला या मधल्या मोकळ्या जागेबद्दलच बोलायचं आहे.

आधी अशोकाबद्दल, कारण या झाडावर आपला विश्वास उगाच बसलेला नाही. सीता ज्या वनात शोक करत बसली ते अशोकवन. पंचांगात चैत्र शुद्ध अष्टमी ही अशोकाष्टमी. त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून घेण्याची रीत जुन्या घरांत होती. चरकसंहितेत वेदना शमवणाऱ्या दहा वनस्पतींच्या गटात अशोकाचं नाव आहे. पुढे 'भैषज्यरत्नावली' या ग्रंथात अशोकारिष्टाची कृती आली: अशोकाच्या सालीचा काढा, त्यात गूळ, आंबवण्यासाठी धायटीची फुलं, आणि सुंठ, जिरं, नागरमोथा, दारुहळद, अडुळसा, चंदन, त्रिफळा, आंब्याची कोय अशा वस्तू. हे मिश्रण मुरवत ठेवलं की आपोआप थोडा मद्यांश तयार होतो. म्हणून अरिष्ट टिकतं. अशोकाच्या सालीत तुरट द्रव्यं भरपूर असतात, आणि जास्त जाणारं रक्त थांबवायला तुरट औषध हा वैद्यांचा जुना अनुभव आहे.

म्हणजे अशोक काही भोंदू औषध नाही. पण दोन प्रश्न आहेत. बाटलीत अशोकच आहे का, हा पहिला. आणि आपल्याला जे झालंय त्याला अशोक लागू आहे का, हा दुसरा, आणि तो जास्त मोठा.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. तुमच्या गावातल्या शाळेसमोर, तहसील कचेरीच्या कुंपणाला, मंगल कार्यालयाच्या दारात जी उंच, निमुळती, नागमोडी कडांच्या लांब पानांची झाडं रांगेत उभी आहेत, त्यांना आपण सगळे अशोकच म्हणतो. तो औषधी अशोक नाही. त्याचा आणि खऱ्या अशोकाचा कुळाचाही संबंध नाही. तो सीताफळाच्या कुळातला, शोभेचा. औषधी अशोकाला आपल्याकडे सीतेचा अशोक म्हणतात, आणि तो तुरीच्या-चिंचेच्या, म्हणजे शेंगांच्या कुळातला. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी. उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे झुबके येतात. आपल्या शाळेसमोरच्या झाडाला येतात त्या बारीक हिरवट फुलांकडे कुणाचं लक्षही जात नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी ओळख पटते.

खरा अशोक ओलाव्याचा भुकेला. सह्याद्रीतल्या, कोकणातल्या ओढ्याकाठी, दाट सावलीत वाढणारा. दुधनाकाठच्या आपल्या काळ्या रानात तो आपोआप उगवत नाही. औषधासाठी त्याची साल लागते, आणि साल ओरबाडली की झाड वाळतं. देशभरच्या कारखान्यांना साल हवी आणि झाडं मात्र कमी, हे गणित कसं बसणार? निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्येच या झाडाची नोंद धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत केली. खरी साल महाग आणि दुर्मिळ झाली की भेसळ आलीच. बाजारात अशोकसाल म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची डीएनए तपासणी संशोधकांनी केली आहे, आणि त्यांत दुसऱ्याच झाडांच्या साली सापडल्या आहेत. त्यात आपला हा शाळेसमोरचा शोभेचा अशोकही आहे. साल सुकून तिची पूड झाली की तुम्हा-आम्हाला कसं कळणार? म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी पूड आणू नका. बाटली घ्यायचीच तर तिच्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि घटकांची यादी आहे का, हे चष्मा लावून वाचा. नसेल तर ठेवून द्या.

आता दुसरा प्रश्न. अंगावरून जास्त जाणं हा रोग नाही, ती खूण आहे. ती खूण गर्भाशयातल्या गाठीची असू शकते, थायरॉइडची असू शकते, तांबी बसवल्यावरची असू शकते, पाळी जाण्याच्या वयातल्या उलथापालथीची असू शकते, राहिलेल्या दिवसांच्या गडबडीची असू शकते, आणि क्वचित कर्करोगाचीही असू शकते. सगळ्यांवर एकच बाटली कशी चालेल? चांगला वैद्य आधी बाटली देत नाही, आधी विचारतो. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस जाते, गाठी पडतात का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, साखरेचा आजार आहे का. अरिष्टात गूळ असतो, मद्यांश असतो, हे मधुमेहवालीला आणि गरोदर बाईला माहीत असायला हवं. अशोकावर माणसांमध्ये झालेल्या मोठ्या, काटेकोर चाचण्या फार थोड्या आहेत. म्हणून तो कुणाला, किती, किती दिवस द्यायचा हे समोर बसलेल्या जाणत्याने ठरवायचं, जाहिरातीने नव्हे.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आपल्या देशाचा कायदाच तसं सांगतो. १९५४ साली 'औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की बायकांच्या पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्यासाठी अमुक औषध वापरा अशी जाहिरात लोकांसाठी करता येणार नाही. कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत गर्भाशयाचे विकार आहेत, पाळीचे विकार आहेत, बाईचं वंध्यत्व आहे. भिंतीवरचा कागद, हातात दिलेलं पत्रक, डब्यावरचं वेष्टनसुद्धा कायद्याच्या लेखी जाहिरातच. पहिल्यांदा दोषी ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मला हा कायदा शहाणा वाटतो. औषध वाईट असं तो म्हणत नाही. पाळीचं दुखणं इतकं साधं नाही की त्याचा निर्णय भिंतीवरच्या कागदाने करावा, एवढंच तो सांगतो.

पण कायदा झाल्याला सत्तर वर्षं उलटली आणि बसस्थानकाच्या मुतारीपासून आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत 'पाळीच्या सर्व तक्रारींवर खात्रीशीर इलाज' चालूच आहे. असं का? २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घातला गेला. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, असा तो नियम होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ ला अधिसूचना काढून नियमच वगळला. २७ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. आणि ११ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने ते प्रकरणच बंद केलं. आधी मंजुरी आणि मग जाहिरात ही चौकट अशी उभी राहता राहता मोडली. १९५४ चा कायदा मात्र जागेवर आहे, आणि मे २०२५ मध्ये मंत्रालयाने फसव्या जाहिरातींची तक्रार करण्यासाठी 'आयुष सुरक्षा' पोर्टल सुरू केलं आहे. पण नजर खाली घालून बाटली घेणारी बाई तक्रार कुठून करणार? जिने आपलं दुखणंच कुणाला सांगितलं नाही, ती फसवणूक कशी सांगेल? फसवणाऱ्यांचं फावतं ते आपल्या या लाजेवर.

त्याच २०२५ च्या ६ फेब्रुवारीला दिल्लीत आयुष मंत्री प्रतापराव जाधव यांच्या हस्ते शतावरीची मोहीम सुरू झाली. प्रतापराव आपल्या शेजारच्या बुलढाण्याचे खासदार. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची ही मोहीम शतावरीची माहिती आणि लागवड वाढावी म्हणून आहे. बाळंतिणीला शतावरी कल्प देण्याची आपली पद्धत आहेच, आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण मला वाटतं, वनस्पतीची मोहीम निघते तशी तपासणीची मोहीम का निघत नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आणि देशात ३० ते ४९ वयोगटातल्या ज्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झाली, त्या फक्त १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. घराघरात बाटली पोचली, तपासणी पोचली नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ, पिशवी काढण्याकडे. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १५ ते ४९ वयात शंभराला २.६ होता.

बीड काही परका मुलूख नाही. आपल्या परभणी जिल्ह्यातूनही दिवाळी झाली की कोयत्यावर जाणारी कुटुंबं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना पाळीचं कापड बदलायला जागा. पाळीचे चार दिवस तिथे पगार कापणारे दिवस असतात. मग हंगामाआधी कुणीतरी म्हणतं, "पिशवीला सूज आहे, आत्ताच काढून टाक, पुढे कॅन्सर होईल." भीतीही मिटते आणि खाडाही मिटतो. ऑपरेशनला लागलेले पैसे पुन्हा उचलीतूनच येतात, आणि ते फेडायला ती टाके नीट भरायच्या आत पुन्हा मोळ्या उचलते.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचं वय आल्यासारखं होतं. हाडं ठिसूळ होतात, कंबर-गुडघे धरतात, अंगाची आग होते, झोप उडते, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता असते. कटकट मिटली म्हणणारीची दुसरी कटकट चार वर्षांनी सुरू होते, आणि तेव्हा तिला कुणी सांगत नाही की याचं मूळ कुठे आहे.

बाटली आणि ऑपरेशन ही वरवर दोन टोकं वाटतात. एकीत काहीच कापायचं नाही, दुसरीत सगळंच कापून टाकायचं. पण मला ती एकाच देठाची दोन पानं वाटतात. दोन्ही ठिकाणी बाईच्या दुखण्याला वेळ द्यायचा नसतो. बाटलीला रजा लागत नाही, सोबत लागत नाही, 'आतून तपासणी' नको. ऑपरेशन एकदाच, मग आयुष्यभर रजा नको. मध्ये जे करायला हवं त्याला वेळ लागतो: लेडी डॉक्टरकडे जाणं, रक्त तपासणं, सोनोग्राफी करणं, लोहाच्या गोळ्या तीन महिने नेमाने घेणं, रक्तस्राव कमी करणाऱ्या किंवा हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम बघणं, गरज पडली तर हार्मोनची तांबी बसवून बघणं, पुन्हा दाखवायला जाणं. जास्त जाणाऱ्या कितीतरी जणींना या मधल्या रस्त्यानेच बरं वाटतं. पण हा रस्ता वेळ मागतो, आणि बाईसाठी कुणाकडे वेळ नसतो. अनेकदा तिच्या स्वतःकडेही नसतो.

पैसे नाहीत असं म्हणाल, तर हिशेब मांडून बघू. अरिष्टाची बाटली दीड-दोनशेची, आणि दिवसातून दोनदा घेतलं तर दहा-बारा दिवसांत संपते. तीन महिन्यांत सात-आठ बाटल्या, म्हणजे हजार-बाराशे तरी गेले. तेवढ्यात रक्ताची तपासणी आणि बहुतेक वेळा सोनोग्राफी होते. सरकारी दवाखान्यात त्याहून कमीत. पैसे आपण खर्चतोच, फक्त दुखण्याचं नाव कळायच्या आधी खर्चतो.

कायद्याच्या बाजूने इथेही थोडं हललं आहे. विनाकारण पिशवी काढण्याविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातले प्रकार त्यात होते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. देश, राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या, आणि प्रत्येक ऑपरेशनची बाईचं वय आणि तिचा धंदा यांसह नोंद, असं त्यात आहे. बीडमध्ये तर २०१९ नंतर अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली गेली. आपल्या जिल्ह्याची समिती किती वेळा बसली, तिच्या नोंदी काय सांगतात, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायचा आपल्याला हक्क आहे. रस्ता-पाण्याचं विचारतो, तसं हेही विचारू या.

पण समिती बसायची तेव्हा बसेल. आपल्या हातात काय आहे ते सांगते. पाळी सात दिवसांहून जास्त जात असेल, तासा-दोन तासाला घडी बदलावी लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, घाण वास येणारं पाणी जात असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर बाटली आणू नका, दवाखाना गाठा. यातल्या शेवटच्या दोन-तीन खुणांना तर एक आठवडाही थांबायचं नाही. तिशी ओलांडलेल्या बाईची गर्भाशयमुखाची साधी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही करण्याची तरतूद आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. आयुर्वेदावर विश्वास असेल तर जरूर ठेवा, पण शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे जाऊन ठेवा, तपासणीचे कागद सोबत नेऊन ठेवा.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितलं तर तिथल्या तिथे अंगठा देऊ नका. मला नेमकं काय झालंय? ते कुठल्या कागदात दिसतंय? दुसरा काही इलाज करून बघता येईल का? अंडाशयं ठेवणार की काढणार? एवढं विचारा, कागद हातात घ्या, आणि परभणीला किंवा जालन्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सेलूहून दोन्हीकडे रेल्वे आहे. खरंच गरज असेल तर दुसरा डॉक्टरही तेच सांगेल, आणि मग निर्धास्त मनाने ऑपरेशन करा. जिवावर बेतलं तर पिशवी काढावीच लागते, त्यात शंका नाही. पण आठ दिवसांच्या उशिराने जे ऑपरेशन टळू शकतं, ते घाईचं नव्हतंच.

आमच्या गटात आता एक नियम केला आहे. हप्त्याचे पैसे मोजून झाले की प्रत्येकीने स्वतःच्या तब्येतीचं एक वाक्य बोलायचं. पहिल्या दोन बैठकांत सगळ्या म्हणाल्या, "बरी आहे." तिसऱ्या बैठकीत एक अक्का म्हणाली, "चार महिने झाले, थांबतच नाही." पुढच्या मंगळवारी तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार हे तिथेच ठरलं. रक्त फार कमी निघालं, गाठ लहान निघाली, औषध सुरू आहे. पिशवी तिच्यापाशीच आहे.